माया

सकाळचे सात. एस्बियर्गचा वारा
जिमच्या पत्र्याला धडका देतोय.
बंदरात पवनचक्क्यांची पाती आडवी पडलीत,
बोटीची वाट बघत.
मी फळ्यावर काहीच लिहीत नाही.
आधीचा ट्रेनर लिहायचा: सगळ्यांनी पाच वेळा पाच, शंभर किलो,
आणि पुढे हे एवढं मोठं उद्गारचिन्ह.

माझे वडील मच्छीमारांचे मेणकापडी कोट शिवायचे.
टेप खांद्यावर लावण्याआधीच म्हणायचे,
"डावी बाजू उतरलीय तुझी, मॉन्स."
जाळी ओढून ओढून माणूस एकीकडे कलतो.
कोटानं त्याला सरळ करायला जाऊ नये.

एयनार, चौतीस, सेंटर-बॅक.
गुडघ्यातली कूर्चा उरलीय
साबणाच्या शेवटच्या पापुद्र्याएवढी.
त्याला खोल बैठका नाहीत. तो स्लेज ढकलतो,
ढकलताना मला शिव्या देतो, मंगळवारी.
बुधवारी नुसता पोहतो, आणि गप्प असतो.

हॉग्नी फेरो बेटांवरचा. एकोणीस.
मेंढ्यांमागे कड्याकपारीतून धावून
पोटऱ्या घरूनच घेऊन आलाय.
मांडीचा मागचा स्नायू मात्र तुणतुण्याची तार.
त्याला गुडघ्यांवर बसवते, घोटे दाबून धरते,
सांगते, पड पुढे. सावकाश.
जितका सावकाश पडशील
तितका शनिवारी सुसाट सुटशील.
त्याला वाटतं मी थट्टा करतेय.

न्यार्को, गोलकीपर,
तांदळाच्या बादलीत मनगटापर्यंत हात खुपसून
मुठी उघडतो, मिटतो, उघडतो.
"आईला सांगू नका," म्हणतो,
"अन्नाशी खेळतोय म्हणेल."

आणि लासाना.
त्या गुरुवारी त्याच्या सगळ्या रकान्यांत हिरवं होतं.
उडी हिरवी, नाडी हिरवी, वजन हिरवं.
मी बारला पाच किलो वाढवले.
त्याची मुलगी आठवडाभर काचेच्या पेटीत होती, ओडेन्सला.
तो रोज रात्री गाडी काढून जायचा,
पहाटे परतायचा.
हे कुठल्याच रकान्यात नव्हतं
कारण तो रकाना मी आखलाच नव्हता.
त्रेसष्टाव्या मिनिटाला
आसपास कुणी नसताना
तो धावता धावता मांडी धरून थांबला.
एवढ्या वाऱ्यात बाकावर आवाज येणं शक्य नाही.
मला आला.

शिवणीच्या आत वडील दोन बोटं कापड जास्त ठेवायचे.
बाहेरून दिसत नाही.
माणूस सुटतो, वाकतो,
जानेवारीत आत आणखी एक स्वेटर चढवतो,
तेव्हा उसवून घेता येतं.
त्या जास्तीच्या कापडाला माया म्हणतात.
मी ते कापड कित्येकदा कात्रीनं छाटून टाकलंय
लहानपणी, नीटनेटकं दिसावं म्हणून,
आणि मार खाल्लाय.

आता दहा उचल जमतात तिथं मी आठवर थांबवते.
हॉग्नी कुरकुरतो, "अजून दोन होतात की!"
माहीत आहे रे. ती दोन तुझीच आहेत. ठेव आत.

मुख्य कोच कागद चाळतो:
पंचवीस माणसं, पंचवीस तऱ्हा,
मग यात संघ कुठाय?
मला उत्तर येत नाही. मी त्याला कॉफी देते.

नववा आठवडा. लासाना दारात.
मी बारकडे बघतही नाही. विचारते, "झोप?"
तो तीन बोटं दाखवतो.
मी दोन्हीकडच्या तबकड्या उतरवते,
लोखंड जागेवर ठेवते. आज गादीवर पडून श्वास घे, बस.
तो आधी फोन पुढे करतो.
फोटोत मुलगी, घरी आलेली,
लोकरीची टोपी पार भुवयांखाली.
"टोपी मोठी झालीय," मी म्हणते.
"वाढेल ना," तो म्हणतो.